एचिंगच्या दोन कक्षांमधले आम्ल

महापे एमआयडीसीतील एका पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड) कारखान्याने दुसऱ्या कंपनीच्या प्रलंबित पेटंट अर्जाला मंजुरीपूर्वीच हरकत घ्यावी का, याविषयी माझे मत मागवले होते. अर्जातील पहिल्या दाव्यानुसार (दावा म्हणजे ज्यावर हक्क मागितला आहे ते कलम) एचिंग करताना, म्हणजे बोर्डावरचे नको असलेले तांबे विरघळवताना, तांब्याचा थर आधी जास्त आम्लाच्या क्युप्रिक क्लोराईडच्या फवाऱ्याखाली झपाट्याने उतरवायचा आणि उरलेला थर कमी आम्लाच्या दुसऱ्या कक्षात सावकाश काढायचा. आम्ल वाढवले की वेग वाढतो, पण मास्कखालची, म्हणजे राखायच्या तांब्यावरील संरक्षक आवरणाखालची, कडाही कुरतडली जाते, हे या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे.

पेटंट कायदा, १९७० च्या कलम २(१)(जेए) प्रमाणे शोध त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा असून चालत नाही. मात्र दावा एकदा वाचला की कोणताही शोध सहज सुचण्याजोगा वाटू लागतो. म्हणून दावा बाजूला ठेवून मी आधी केवळ अग्रक्रम तारखेपूर्वीची (शोध नवा आहे का हे ज्या तारखेच्या आधारे ठरते, तिच्या आधीची) कागदपत्रे वाचली. दोन्ही टप्पे त्यांत सुटे सुटे होतेच, शिवाय शेवटचा थर सावकाश काढावा अशी सूचनाही एका जुन्या अर्जात होती, त्यामुळे पहिल्या दाव्याचा निकाल लवकर लागला.

चौथ्या दाव्याने मात्र बराच वेळ घेतला. पहिल्या कक्षातून निघालेला तांब्याचा पत्रा रोलरांमधून जाताना अंगावर आम्ल घेऊन दुसऱ्यात जातो. कारखान्यातील पर्यवेक्षकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, ते तिकडे जाऊ नये म्हणून तर आम्ही रोलर बदलत असतो." हायड्रोजन पेरॉक्साईडने द्रावण पुन्हा ताजे करताना आम्ल खर्ची पडते; चौथ्या दाव्यात अर्जदाराने रोलरमधली फट अशी ठेवली होती की पत्र्यासोबत येणाऱ्या आम्लातूनच दुसऱ्या कक्षातील ही तूट भरून निघावी.

फट कमीजास्त करणे ही नुसती कारागिरी आहे, असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने कार्यशाळेतील किरकोळ सुधारणेपेक्षा अधिक काही असावे, असे म्हटलेच आहे. परंतु कारागीर फट जुळवतो ती आम्ल अडवण्यासाठी, आणि मला सापडलेल्या प्रत्येक कागदपत्रात तोच हेतू होता; ते मोजून आत येऊ देण्याचे कारण एकाही ठिकाणी नव्हते.

पहिल्या दाव्यावर हरकत घ्यावी, चौथ्यावर शक्ती खर्च करू नये, असे मी कळवले. अर्जदाराने पहिल्या दाव्यात चौथा मिळवून तो आकुंचित केला, तरी कारखाना मागवत असलेल्या यंत्रात दोन कक्षांमध्ये पत्रा पाण्याने धुतला जाऊन त्यावरचे आम्ल निघून जाणार असल्याने ते यंत्र त्या दाव्याच्या कक्षेत येत नाही, हेही त्याच पत्रात नमूद केले.