गुडघा, आणि उलटं पळायला शिकण्याचे अकरा महिने

माझा उजवा गुडघा गेला तेव्हा मला कोणी धक्कासुद्धा लावला नव्हता. नाशिकला घरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारायचा, "कोणी मारलं रे?" कोणीच नाही. मुंबईत आमच्या क्लबचा फुटबॉलचा सराव सामना चालू होता, मी स्टॉपर, म्हणजे आपल्या गोलसमोर मधोमध खेळणारा बचावपटू. समोरून विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा, बॉल घेऊन आला, मी त्याच्याकडे तोंड करून उलटा पळत होतो. त्याने कट मारला, म्हणजे एकदम दिशा बदलली, मी डावीकडे वळायला उजवा पाय रोवला आणि गुडघा आत मुडपला. 'टक्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. दोन मिनिटांनी उठून मी चाललोही, आणि तिथेच घोळ झाला. चालता येतंय म्हणजे मुरगळलंय, असं क्लबच्या माणसाने ठरवून टाकलं. बर्फ लावला, क्रेप बँडेज गुंडाळलं. रात्रीपर्यंत गुडघ्याचा नारळ झाला होता.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडला उतरलो. काकांच्या ओळखीचा एक माणूस हाडं बसवतो, त्याने तेल लावून रगडलं. हे कोणी करू नका. दुखापतीनंतर काही तासांत गुडघा फुगला तर आत रक्त साठलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे चोळणं म्हणजे आगीत तेलच. या सगळ्यात माझे तीन आठवडे गेले.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला झोपवलं, गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. डावी नडगी थोडी हलून थांबली. उजवी थांबलीच नाही, टेबलाच्या सैल खणासारखी पुढे आली. एमआरआय नंतर झाला, पण माझा निकाल त्या टेबलावरच लागला होता. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं एक लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. हे लिगामेंट नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळू देत नाही. सरळ रस्त्यावर चालणाऱ्याला त्याच्याशिवाय निभावता येतं. ज्याचं पोटच वळण्यावर आहे त्याला नाही.

मला वाटलं आता लगेच ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, आधी सूज उतरव आणि गुडघा पूर्ण सरळ करून दाखव. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो पुढेही आखडलेलाच राहायचा धोका असतो. म्हणजे पाच आठवडे टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताणत पडायचं. तेव्हा वैताग आला होता, पण आज कोणी विचारलं तर पहिला सल्ला हाच देतो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. त्याच पायाच्या मांडीमागचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून त्याचं नवं लिगामेंट केलं. ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचे पंधरा दिवस वाईट. आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास. खेळाडूला डिस्चार्जच्या कागदावर ब्रेस कसा बांधायचा ते लिहून देतात, हे कोणी लिहून देत नाही. भावाने भद्रकालीच्या बाजारातून प्लॅस्टिकची कमोडची खुर्ची आणली आणि मी, सहा फुटांचा स्टॉपर, दार अर्धवट उघडं ठेवून पाय लांब करून बसायचो. बाहेर आई कुबड्या धरून उभी.

क्लबचं म्हणाल तर एका वाक्यात संपतं: करार एका हंगामाचा होता, मे महिन्यात संपला, नवा आला नाही. अर्धा खर्च देऊ म्हणाले होते, त्यातलाही थोडाच मिळाला. बचावपटूच्या कामाची एक गंमत आहे. २०१९च्या मार्चमध्ये आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, फायनलला आपल्या मुंबईच्या बचावपटू राहुल भेकेने ११७व्या मिनिटाला हेडर मारून बंगळुरूला जिंकून दिलं, ते सगळ्यांना आठवतं. त्याआधीच्या ११६ मिनिटांत त्याने काय काय अडवलं ते कोणी सांगावं? करार मागायला जाताना माझ्याकडेही दाखवायला तसं काही नव्हतं. मी न होऊ दिलेल्या गोलांचा व्हिडिओ कुठून आणू?

तिसऱ्या महिन्यात दुखणं जवळजवळ थांबलं, आणि फिजिओ मॅडम नेमक्या तेव्हाच कडक झाल्या. नव्याने बसवलेला कंडरा आधी कमजोर होतो, मग हळूहळू त्यात रक्तपुरवठा येतो आणि तो लिगामेंटसारखा बनत जातो. म्हणजे माणसाला 'आता बरं वाटतंय' असं वाटतं तेव्हा आतला दोर सगळ्यात कच्चा असतो. त्यांनी मला एक २०१६चा अभ्यास सांगितला, ओस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांचा: पहिल्या नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितकं लांबवाल, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण साधारण निम्म्याने कमी होतं. मी म्हटलं, मॅडम, माझं वय एकोणतीस आहे. त्या म्हणाल्या, "मग तर दुसऱ्यांदा फाडून घेणं तुला परवडणारच नाही."

त्या दिवसांत मी माझ्यासारख्यांचा हिशोब मांडत बसायचो. व्हॅन डाइक: लिव्हरपूलकडून खेळताना १७ ऑक्टोबर २०२०ला एव्हर्टनविरुद्ध पडला, पुढच्या जुलैच्या शेवटी सराव सामन्यात उतरला. नऊ महिने. आपल्या भारताचा संदेश झिंगन: ऑक्टोबर २०१९मध्ये एसीएल गेलं, अख्खा हंगाम गेला, आणि परत आल्यावर २०२०-२१चा देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघेही सेंटर बॅक, म्हणजे माझ्यासारखेच स्टॉपर. त्यांच्यामागे अख्खी वैद्यकीय टीम होती, माझ्यामागे कुबड्या धरणारी आई, हा फरक मला कळत होता. तरी हिशोब मांडायला बरं वाटायचं.

आईने सप्तशृंगी गडाचा नवस बोलला होता. सातव्या महिन्यात वणीला गेलो. ट्रॉली २०१८पासून सुरू आहे, पण नवस पायऱ्यांचा. चढताना काही वाटलं नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू असा थरथरायला लागला की दर वीस पायऱ्यांवर बसायची वेळ आली. डोक्यावर नारळाची पिशवी घेतलेल्या आज्या मला मागे टाकून पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेप लावून मोजलं, उजवी मांडी डावीपेक्षा अजून दोन सेंटिमीटरने बारीक होती. चढताना स्नायू आखडून अंग वर ढकलतो, उतरताना तोच लांब होत होत भार झेलतो. पळताना एकदम थांबायला हेच झेलणं लागतं.

नवव्या महिन्यात एका पायावर उडी मारायची परीक्षा झाली. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के हवी, माझी चौऱ्याण्णव आली. मॅडम खूश. मी नव्हतो. सगळ्या उड्या पुढे होत्या, आणि मी पोटासाठी पुढे पळतच नाही. मी उलटा पळतो, तिरका सरकतो, आणि समोरचा ठरवेल त्या बाजूला त्याच्यानंतर वळतो. फॉरवर्डला, म्हणजे पुढे हल्ला करणाऱ्याला, कुठे वळायचं ते आधी माहीत असतं. मॅडमकडे तोवर आलेले बहुतेक क्रिकेटवाले, फास्ट बॉलर. त्यांनी सरळ सांगितलं, "तुझं काम मला दाखव, मग मी व्यायाम बनवते."

म्हणून आम्ही नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर जायला लागलो. सकाळी सहाला जॉगिंग ट्रॅकवर सगळे एका दिशेने चालतायत आणि मी कडेने उलटा पळतोय. रोज भेटणारे एक आजोबा पहिल्या दिवशी दचकले, दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाळा, तिकडे बघ, नाहीतर पडशील." तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "डॉक्टरने सांगितलंय का गुडघ्यासाठी?" आणि चौथ्या दिवशी ते स्वतःच पाच-सहा पावलं उलटी टाकून बघत होते. मॅडमनी त्यांनाही रागावून घेतलं.

आधी नुसतं उलटं पळणं, मग मॅडम मागून "डावा!" "उजवा!" ओरडतील तिकडे वळणं. ते जमलं. मग त्यांनी आपल्या अकरावीतल्या भाच्याला बॉल देऊन माझ्यासमोर उभं केलं. पोरगा चपळ, पण कच्चा. तरी पहिल्या सकाळी तो माझ्या डाव्या बाजूने दहापैकी आठ वेळा निघून गेला. गुडघा दुखत नव्हता, सैलही नव्हता. उजवा पाय रोवायची वेळ आली की मी एक बारकं जास्तीचं पाऊल टाकायचो, आणि तेवढ्यात तो गेलेला असायचा. ते पाऊल जायला सहा आठवडे लागले. ते कुठल्या मशिनवर मोजता येत नाही, भाच्यालाच विचारावं लागायचं, "आज किती?"

अकराव्या महिन्यात मुंबईतल्याच दुसऱ्या एका क्लबने ट्रायलला बोलावलं. करार पुन्हा एका हंगामाचा, पैसे आधीपेक्षा कमी. घेतला. पहिल्या सामन्यात सत्तर मिनिटं खेळलो, एक पिवळं कार्ड, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

एक खोड मात्र राहिली आहे. विंगर समोर आला की मी आधीच अंग थोडं डावीकडे वळवून उभा राहतो, म्हणजे उजवा पाय जोरात रोवायची वेळच येऊ नये. कोच म्हणतो, व्हिडिओ बघून कोणीही ओळखेल आणि माझ्या उजव्या खांद्यामागून जाईल. नाशिकच्या भाच्याने ते कधीच ओळखलंय. मुंबईच्या विंगरांनी हे वाचलं नाही म्हणजे मिळवली.