व्यवसाय सुरू केला नाही, मग अभ्यासक्रमाचा उपयोग काय?

उद्योजकतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो: ‘तुम्ही स्वतःचा व्यवसाय तर अजून सुरू केलेला नाही, मग एवढे शिकून तुमच्यात फरक काय पडला?’ प्रश्नात किंचित टोमणा असला तरी तो रास्त आहे. ‘आत्मविश्वास वाढला’ हे त्याचे ठरलेले उत्तर मात्र मला देता येत नाही, कारण पूर्वी ज्या गोष्टींची मला खात्री वाटे त्यांतल्या बऱ्याच गोष्टींची आता वाटत नाही. बदलली आहे ती माझी प्रश्न विचारण्याची रीत, इतरांना आणि स्वतःलाही.

याची सुरुवात ग्राहकांशी बोलण्याच्या स्वाध्यायापासून झाली. आपली कल्पना समोरच्याला सांगायची नाही, अशी त्यात अटच होती. ‘असे काही मिळू लागले तर घ्याल का?’ या प्रश्नाला माणसे बहुधा ‘हो’ म्हणतात, कारण तसे म्हणायला काही खर्च पडत नाही आणि विचारणाऱ्याचे मनही मोडत नाही. त्याऐवजी ही अडचण मागे कधी आली, तेव्हा तुम्ही काय केलेत, त्यावर किती वेळ आणि पैसा गेला, असे घडून गेलेल्या गोष्टींविषयी विचारायचे आणि मग गप्प राहायचे. समोरच्याचे वाक्य आपणच पुरे करण्याचा माझा स्वभाव असल्याने हे गप्प राहणे मला सर्वांत जड गेले. पण त्यातूनच कळले की ज्याने एखाद्या अडचणीवर आजवर एक तासही घालवलेला नाही, तो तिच्याविषयी कितीही तक्रार करत असला, तरी ती सोडवण्यासाठी पैसे मोजण्याची शक्यता फार कमी असते. आता सहकाऱ्याला ‘हे वेळेत होईल ना?’ असे न विचारता ‘असेच काम मागे केलेत तेव्हा किती दिवस लागले होते?’ असे मी विचारतो. मिळणारे उत्तर कमी गोड असते, पण त्यावर विसंबता येते.

स्वतःला विचारायचे प्रश्न बदलायला अधिक वेळ लागला. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला: जिची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता, उद्योजकाचा नफा हा ही अनिश्चितता पेलण्यातून येतो, असे त्यांचे म्हणणे. संशोधक सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांना एका काल्पनिक व्यवसायापुढचे प्रश्न सोडवताना मोठ्याने विचार करायला सांगितले होते. त्यातून घडलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीनुसार असे लोक ‘यातून किती मिळेल?’ यापेक्षा ‘सगळे बुडाले तर मला किती सोसेल?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. मला हे वाचून हायसे वाटले, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर भविष्यात दडलेले असते, तर दुसऱ्याचे आज घरी बसून काढता येते. नवी जबाबदारी स्वीकारायची असो किंवा नवे कौशल्य शिकायचे असो, त्यात किती पैसा, किती महिने आणि किती संध्याकाळी गेल्या तरी चालतील, हे मी आधी लिहून ठेवतो. ती मर्यादा आली की थांबतो, आणि त्या थांबण्याला अपयश म्हणत नाही.

हिशेबाचा भागही उपयोगी होता, पण त्याने माणूस म्हणून मला फारसे बदलले नाही. नफा आणि हातातली रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत, उधारीवर माल विकणारा व्यवसाय कागदावर नफ्यात असूनही पगाराच्या दिवशी अडू शकतो, हे समजून घेणे पुरेसे होते.

मुळात हे सारे शिकवता येते का, असेही काही जण विचारतात. पश्चिम आफ्रिकेतील टोगो या देशातील १,५०० लहान व्यावसायिकांवरचा एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्वतःहून पुढाकार घेणे, अडथळ्यांचा आधी विचार करणे आणि चिकाटी यांवर भर देणारे प्रशिक्षण मिळालेल्या गटाचा नफा प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढला. हिशेब आणि विपणन शिकवणाऱ्या रूढ प्रशिक्षणाचा नफ्यावर असा ठोस परिणाम आढळला नाही. अर्थात ते सगळे आधीपासून व्यवसायात होते आणि मी नाही, त्यामुळे हा आकडा माझ्या बाजूचा पुरावा म्हणून मांडणे योग्य होणार नाही. वर्तन शिकवता येते, एवढेच मी त्यातून घेतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही: आपल्या कामाची किंमत सांगून झाल्यावर, समोरचा काही बोलण्याआधीच ती कमी न करणे. व्यवसाय सुरू करणार का, याचे उत्तरही अजून ठरलेले नाही. किती रक्कम गेली तरी सोसेल, तो आकडा मी काढून ठेवला आहे. किती काळ गेला तर सोसेल, यावर घरच्यांशी बोलणे चालू आहे.