ट्रेनिंग झालं, पण प्रेसवर उतरलं का?

बुटीबोरी असो की हिंगणा एमआयडीसी, कारखान्यातल्या ट्रेनिंगची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी लाइनवर, प्रेस मशीनसमोर होते.

"जमेल तेव्हा मॉड्यूल बघा" म्हटलं की ट्रेनिंगचा तो धडा राहूनच जातो. प्रत्येकाचा स्लॉट आधीच ठरवून द्या. नको त्याने बदलून घ्यावा. मे महिन्यात मात्र दुपारचा स्लॉट नकोच, नागपूरच्या उन्हात तापलेल्या शेडमध्ये डोक्यात काही शिरत नाही.

शेवटी प्रत्येकाने कार्डावर स्वतःच्या हाताने एकच वाक्य लिहावं: 'डाय बदलली की पहिला पीस गेजवर तपासेन.' (डाय म्हणजे प्रेसमधला साचा, गेज म्हणजे माप तपासायचं साधन.) मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली 'जर-तर' योजना ती हीच. प्रसंग पक्का असला की कृती आपोआप सुचते. 'क्वालिटीकडे लक्ष देईन' लिहिलं तर कार्ड वाया. त्यात कधी नाही आणि काय तेही नाही.

कार्ड प्रेसवरच लावा. रोजच्या व्हॉट्सअॅप मेसेजने ग्रुप म्यूट होतो. "निम्म्या लोकांनी अजून केलं नाही" असं बोर्डावर तर कधीच लिहू नका. न केलं तरी चालतं, हाच निरोप जातो.

आणि गेज क्यूसीच्या, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागाच्या, कपाटात कुलूपबंद असेल, तर आधी तो प्रेसजवळ टांगा. कार्डाचं नंतर बघू.