एसव्हीएनवरून गिटवर येताना शोधलेली नावं

मे महिन्यात आमचा फॉन्ट कन्व्हर्टर सबव्हर्जनवरून (एसव्हीएन) गिटवर आणला. कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद ठेवणारी ही दोन सॉफ्टवेअरं, सबव्हर्जन जुनं, गिट नवं. बाहेर ४५ डिग्री, घरात कूलर फुल स्पीडवर आणि मी तीन रात्री नुसती लोकांची नावं शोधून राहिलो होतो. कोड हलवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम निघालं.

जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, एवढंच आमचा हा छोटा ओपन सोर्स प्रोजेक्ट करतो. त्या फॉन्टमध्ये एबीसीडीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये दोन्ही उलटं, त्यामुळे प्रत्येक फॉन्टचे नियम वेगळे लिहावे लागतात. आणि ते नियम प्रोग्रामरला माहीत नसतात, ते माहीत असतात रोज लग्नपत्रिका नि पावतीपुस्तकं टाईप करणाऱ्या माणसाला.

गिटवर यायचं कारण साधं आहे. आमच्या सबव्हर्जनमध्ये कमिट करायला, म्हणजे बदल नोंदवायला, सर्व्हरचा पासवर्ड लागायचा, तो तिघांकडेच, बाकी सगळ्यांनी मेलवर पॅच, म्हणजे केलेल्या बदलांच्या फाईली, पाठवायचे आणि आम्ही सवड मिळेल तेव्हा टाकायचे. एका इंजिनिअरिंगच्या पोराने विचारलं, दादा हे गिटवर काहून नाही, मी आजच फोर्क केला असता ना, म्हणजे स्वतःची कॉपी काढून बदल केले असते. त्याचा पॅच माझ्या मेलमध्ये चार महिने पडून होता. मला खरंच वाईट वाटलं.

मग बसलो. सबव्हर्जनमध्ये कमिटवर नुसतं युजरनेम असतं, गिटमध्ये पूर्ण नाव आणि ईमेल, म्हणून गिट-एसव्हीएन या इतिहास गिटमध्ये आणणाऱ्या टूलला एक फाईल द्यायची की हे युजरनेम म्हणजे हा माणूस. त्या फाईलीत एक जरी युजरनेम राहून गेलं तर इम्पोर्ट तिथेच थांबतो. आमचा एकदा वादळात लाईट गेली म्हणूनही थांबला, पण परत फेच केलं की राहिलं होतं तिथून पुढे चालू होतं, ते बरं आहे.

पण खरी अडचण पुढे आली. सबव्हर्जन फक्त कमिट कोणी केलं तेवढं लक्षात ठेवतं. गिटमध्ये ऑथर, म्हणजे बदल लिहिणारा, वेगळा आणि कमिटर, म्हणजे तो नोंदवणारा, वेगळा. म्हणजे इतकी वर्षं लोकांनी मेलवर, पेनड्राईव्हवर, कागदावर लिहून दिलेलं काम आमच्या तिघांच्या नावावर जमा होऊन बसलं होतं. आणि हे दुरुस्त करायचं तर रेपो (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) पब्लिक करायच्या आधीच, कारण गिटमध्ये एका जुन्या कमिटचं नाव बदललं की त्याचा हॅश, म्हणजे ओळखीचा कोड, बदलतो, त्याच्यानंतरच्या सगळ्यांचे बदलतात, आणि ज्यांनी क्लोन केलंय, म्हणजे कॉपी उतरवून घेतलीय, त्यांची गडबड होते.

जीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनवरून गिटवर आला, तेव्हा त्यांनी चेंजलॉगमधून, म्हणजे बदलांच्या लेखी नोंदींमधून, मूळ लेखकांची नावं काढून कमिटांना लावली होती. ३० वर्षांहून जुना कंपायलर, एवढा अवाढव्य इतिहास, तरी त्या लोकांनी केलं. मग आपल्याला न करायला काय कारण आहे?

तर जुने मेल उघडले, कमिट मेसेज एकेक करून वाचले, "ताईंचा पॅच", "सीताबर्डीवाल्यांनी सांगितलेला फिक्स" असलं काय काय लिहिलेलं, फोन करकरून विचारलं नाव कसं लिहू, ईमेल कोणता देऊ. सगळं जमल्यावर फिल्टर-रेपो या इतिहास बदलणाऱ्या टूलने ऑथर बदलले. त्याच फेरीत अजून एक गोष्ट काढली, कोणीतरी पूर्वी चुकून विकतचे फॉन्ट कमिट करून नंतर डिलीट केले होते. सबव्हर्जनमध्ये ते सर्व्हरवरच दडून राहिले, चेकआऊटमध्ये (उतरवून घेतलेल्या ताज्या कोडमध्ये) येत नव्हते, पण गिटमध्ये क्लोन करणाऱ्या प्रत्येकाकडे अख्खा इतिहास जातो, म्हणजे ते फॉन्ट आपणच वाटल्यासारखं झालं असतं. जुने रिव्हिजन नंबर मात्र कमिट मेसेजच्या शेवटी राहू दिले, कारण आमची बगची यादी "आर ४१२ पासून बिघडलं" अशाच भाषेत आहे.

सगळ्यात जास्त नियम निघाले नागपुरातल्या महाल भागातल्या एका डीटीपीवाल्या काकांचे. बडकस चौकाजवळ त्यांचं दुकान. कॉलेजात असताना मी तिथे बसायचो आणि ते पत्रिका लावता लावता सांगायचे, ह्या फॉन्टमध्ये "श्र" दोन कळांनी येतो, तो "द्य" तिसरीकडेच आहे, आणि मी वहीत लिहून घरी येऊन कमिट करायचो, माझ्या नावाने. काकांना ईमेल नाही, मुलीचा दिला.

रेपो पब्लिक केल्यावर लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. लॉग, म्हणजे कमिटांची यादी, उघडून दाखवला, खाली खाली स्क्रोल केला, प्रत्येक नियमावर त्यांचं नाव. काकांनी चष्मा लावला, बराच वेळ वाचत राहिले. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "बाबू, आडनावात पहिली नाही, दुसरी वेलांटी पायजे."

इतिहास आता बदलता येत नव्हता, लोकांनी क्लोन केलेलं. पण त्यासाठी गिटमध्ये मेलमॅप नावाची फाईल असते, तिच्यात बरोबर नाव लिहिलं की लॉग आणि शॉर्टलॉग तेच दाखवतात, हॅशला हात लागत नाही. तिथेच काउंटरवर लॅपटॉप ठेवून फाईल बनवली. ती ओळ मी टाईप केली नाही, काकांनी केली.