एकाच घरातले दोन मोतीबिंदू

आईला दोन वर्षं सांगत होतो, डोळा दाखवून घे. तिचं एकच, "पिकू दे की अजून." तांदळातले खडे दिसेनात, तरी ऐकेना. शेवटी तिला दवाखान्याची पायरी चढायला लावली ती आमच्या ठकीने. ठकी म्हणजे नऊ वर्षांची पॉमेरेनियन.

गेल्या उन्हाळ्यात ठकी भांडंभर पाणी पिऊन पुन्हा रिकाम्या भांड्यापाशी उभी राहायला लागली. रक्त तपासलं तर मधुमेह. दर बारा तासांनी इन्सुलिन सुरू झालं. तीन महिन्यांत ती दाराच्या चौकटीवर आपटू लागली, बाहुलीत दुधाळ पांढरं. डोळे आधीही निळसर दिसायचे, पण ती वयाची झाक, तिच्यातून कुत्र्याला दिसतं. हे निराळं. जादा साखर भिंगात शिरते, तिथे तिचं सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखंच द्रव्य होतं, ते पाणी ओढतं आणि भिंग फुगून पांढरं पडतं. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभरात होतं म्हणे.

"पिकू देऊ या का?" मी घरच्या सवयीने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आंबा आहे का तो? पिकलेलं भिंग पाझरतं, डोळा आतून सुजतो."

हे घरी सांगितल्यावर आईने मुकाट्याने स्वतःची तारीख घेतली.

आईचं काम वीसेक मिनिटांचं. थेंब टाकून डोळा बधिर केला, ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतलं, घडीचं भिंग आत सरकवलं. उशीर केल्यामुळे भिंग कडक झालं होतं, एवढं ऐकून घ्यावं लागलं. दुपारी घरी वरणभात.

ठकीचं मात्र प्रकरण. आधी डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, जिवंत आहे का ते पाहायचं: डोळ्यावर प्रकाशाचे झोत टाकून पडद्याचे विद्युत संकेत मोजतात. ते आले नाहीत तर ऑपरेशनच नाही. आले. मग सोनोग्राफी, मग पूर्ण भूल, कारण 'हलू नकोस' हे कुत्र्याला कोण सांगणार? यंत्र आईच्याच जातीचं. भिंगाचा नंबर आईच्या कागदावर २१, ठकीच्या कागदावर ४१. मला वाटलं टायपिंगची चूक. चूक नव्हती, कुत्र्यांना साधारण तेवढंच लागतं. खर्चाचे आकडेही असेच चढे, ते सोडा.

खरी कसोटी थेंबांची. दोन औषधांत पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला वाहून नेतं. फ्रिजवर दोन तक्ते, एक आईचा, एक ठकीचा. ठकी गळ्यातल्या प्लास्टिकच्या भोंग्यासकट फ्रिजमागे अडकायची. आई काळा गॉगल लावून तिची हनुवटी धरायची आणि मी थेंब टाकायचो. आईचे थेंब सहा आठवड्यांत संपले, ठकीचे अजून चालू आहेत.

पट्टी निघाल्यावर आई म्हणाली, "हे पडदे पांढरे होते होय? मी पिवळे समजून धूत होते." भोंगा निघाल्या रात्री ठकी ट्यूबलाइटजवळच्या पालीवर अर्धा तास भुंकली. शेजाऱ्यांनी दार वाजवलं.