शेऱ्याचा रकाना

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या जुन्या दाखल नोंदवह्या संगणकावर चढवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. हे काम कोल्हापुरात करायला मिळतंय याचा मला अभिमान वाटतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा देशात सर्वांत आधी केला तो कोल्हापूर संस्थानानं, १९४५ मध्ये. महाराष्ट्राच्या कायद्याला १९६७ उजाडलं. अशा गावातल्या वाचनालयाच्या नोंदी उरकल्यासारख्या होऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण एकदा त्या तशा झाल्या आहेत. माझ्या आधी हे काम बाहेर दिलं होतं, दर नोंदीमागे पैसे या बोलीवर. टाइप करणारी मुलं मेहनती होती, पण त्यांना सांगितलंच होतं की लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, किंमत एवढंच घ्या. कपाटातलं पुस्तक कुणी हातात घेतलं नाही आणि नोंदवहीतला शेवटचा रकाना, शेऱ्याचा, कुणी वाचला नाही. परिणाम असा की २०१९ च्या पुरात खालच्या फळ्यांवरची जी पुस्तकं भिजून लगदा झाली, ज्यांच्यापुढं लाल शाईनं 'बाद' लिहिलेलं आहे, ती सगळी संगणकावर 'उपलब्ध' दिसतात. वाचक पावसातून येतो, नंबर लिहून देतो आणि रिकाम्या हातानं जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मी शेऱ्यापासून सुरुवात करते. परवाच एक ओळ वाचली. किंमत २-८-०, म्हणजे दोन रुपये आठ आणे. (नवे पैसे आले १९५७ च्या एप्रिलात, त्यामुळे आधीच्या सगळ्या किमती आणे-पैत. सॉफ्टवेअरला दशांश लागतो, तिथं २.५० लिहायचं.) शेऱ्यात बारीक अक्षरात: 'भेट. तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून.' त्याखाली दुसऱ्या हाताचं, निळ्या शाईत: 'पुठ्ठा नवा घातला. पाने ४१ ते ४४ नाहीत.' कपाटातून पुस्तक काढून पाहिलं. चाळीसनंतर थेट पंचेचाळीसच, आणि पुठ्ठ्याच्या आत तालमीचं नाव अजून वाचता येतं. हे वाचून मी कितीतरी वेळ ते पुस्तक तसंच धरून बसले होते. हे टिपायला जागा नाही असंही नाही. मार्क २१ या संगणकीय नोंदींच्या ठरलेल्या साच्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं, त्यात ५४१ हे क्षेत्र पुस्तक कुणाकडून, कसं आलं यासाठीच आहे. कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडता येतं. मग ते रिकामं का ठेवायचं?

मराठी नोंदींचे आपले काही खास त्रास आहेत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांच्या नावांत अनुस्वार भरपूर. आजचा वाचक ते टाइप करणार नाही आणि संगणक त्याला पुस्तक दाखवणार नाही. म्हणून क्षेत्र २४५ मध्ये शीर्षकपृष्ठावर आहे तस्सं नाव आणि २४६ मध्ये आजच्या लेखनातलं. 'ॲ' हे अक्षर तर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक सलग, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, आणि दुसरं 'अ'वर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच, पण संगणकाला वेगळी. आधीच्या भरणीत दोन्ही मिसळलीत, ती आता एकसारखी करतेय. पुस्तकावर साल शकात असेल तर तेही बदलावं लागतं: शके १८२० मध्ये ७८ मिळवले की १८९८ येतं, पण शकाच्या अखेरच्या महिन्यांत छापलेलं असेल तर १८९९. पुस्तकावर महिना नसला की मी दोन्ही वर्षं लिहिते.

जुन्या कार्डांच्या ड्रॉवरमध्ये 'हेही पाहा' अशी कार्डं होती. कुसुमाग्रज काढलं की वि. वा. शिरवाडकर पाहा, असं. आमच्या कुण्या जुन्या ग्रंथपालांनी ती हातानं लिहून सळईत ओवून ठेवली होती. ती जोडणी संगणकात आलीच पाहिजे, नाहीतर कविता वाचणाऱ्याला नाटकं सापडायची नाहीत.

आणि मामा. आमचे शिपाई मामा. एका पैलवानाचं चरित्र मला काही केल्या मिळेना, तेव्हा ते म्हणाले, "ते व्हय? चरित्रात न्हाई घावायचं ताई. कुस्तीच्या कपाटात बघा, वरनं दुसरा कप्पा." होतं तिथंच. ड्यूई या पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीप्रमाणे कुस्तीचा वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, ७९६.८१२, पण आमच्याकडे चरित्र असो, डावपेच असोत की आखाड्यांच्या स्मरणिका, सगळं त्या एकाच कपाटात राहतं, कारण वाचणारी माणसं एकच. मी वर्गांकाला हात लावला नाही. प्रत्येक प्रतीपुढं जागा म्हणून 'कुस्ती कपाट' लिहायला लागले. मामांना शेजारी बसवून, ते सांगतील तसं. ते निवृत्त व्हायच्या आत हे पुरं करायचंय.

समितीत एक विचार चाललाय की सगळं संगणकावर गेलं की नोंदवह्या रद्दीत काढाव्यात, जागा होईल. माझा याला ठाम विरोध आहे आणि तो मी बैठकीत बोलूनही दाखवलाय. आधी प्रत्येक पान स्कॅन होऊ दे. त्यानंतरही वह्या वरच्या मजल्यावर राहू देत, पुराच्या पाण्यापासून लांब.

तुमच्या घरी माळ्यावर कुठल्याही वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक निघालं तर त्या वाचनालयात नेऊन द्या. आमचं असेल तर दंड घेणार नाही, तसं समितीनं ठरवलंय. आतला दाखल अंक मात्र खोडू नका. त्यावरूनच मला त्याची ओळ सापडते.