अण्णांनी हात लावला नाही

टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर येणाऱ्या गोल पात्याची विजेवरची करवत, आज एकदाचा लागला. संध्याकाळी अण्णा आले, यंत्राभोवती एक फेरी मारली, "बरं आहे" म्हणाले आणि गेले. एवढंच झालं. पण आल्यापासून जाईपर्यंत त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते, ते काही मनातून जात नाहीये.

अण्णा आणि हात न लावता? रंध्याचं पातं अंगठ्यावर पारखल्याशिवाय ते त्याबद्दल बोलतसुद्धा नाहीत. फळी दिसली की आधी कडेवरून बोट फिरतं. आज एवढं गुळगुळीत बिडाचं टेबल समोर होतं, आणि हात मागे.

मला त्यांना सगळं दाखवायचं होतं. प्लग काढलेला होता, पातं पूर्ण वर घेतलेलं, एका दातावर मार्करची खूण. पातं माइटरच्या खाचेला, म्हणजे आडव्या कापाची गाईड जिच्यातून सरकते त्या टेबलातल्या खाचेला, समांतर हवं. म्हणून त्या खाचेपासून खुणेच्या दाताचं अंतर पुढे मोजायचं, पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि परत मोजायचं. दात तोच हवा, नाहीतर पात्यातला बारीक बाक मापात मिसळतो. फरक आला की बोल्ट किंचित सैल करायचे, लाकडी ठोकळा लावून हलके ठोके द्यायचे, आवळायचं. आवळताना पुन्हा सरकतं ते वेगळंच. शेवटी फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत आला, तेव्हा डायल गेजच्या काट्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो.

हे बघायला कुणीतरी हवं होतं. दिवसभर ओणवं राहून पाठीचं लाकूड झालं, "वा" एवढंच ऐकायचं होतं. घरातलं बाकी कुणी विचारणार नाही, ते जाऊ दे.

का लावला नसेल हात? आवडलं नाही म्हणावं, तर फेन्सकडे, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरकवतात त्या पट्टीकडे, वाकून बराच वेळ बघत होते. भीती म्हणावी, तर... मामांच्या बोटांबद्दल इथे नको.

आणि भीती असली तरी ती खोटी कुठे आहे? दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. मागचे दात खालून वर येत असतात. फेन्स मागच्या बाजूला जराशी जरी पात्याकडे झुकली, तर लाकूड मधे चिमटतं, ते दात त्याला उचलतात आणि कापणाऱ्याच्याच अंगावर भिरकावतात. म्हणून फेन्स समांतर हवी. मागे केसभर उघडी चालेल, मिटलेली नको. म्हणूनच ती रायव्हिंग नाइफ, काप मिटू नये म्हणून पात्याच्या मागे असलेली पट्टी, पात्याच्या अंगापेक्षा जाड, कापाच्या रुंदीपेक्षा पातळ, बरोबर पात्याच्या रेषेत. ती काढली की काम सोपं होतं, असं सांगणारे भेटतात. मी काढणार नाही.

लिहिता लिहिता वाटतंय, अण्णांना सगळं हातानेच कळत आलं. हातकरवत अडकली की मुठीला समजतं, जोर तिथल्या तिथे थांबतो. इथे बोटांना समजायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. ते त्यांना बघताक्षणी कळलं असणार. मी मापात गुंतलो होतो, ते यंत्र बघत होते. मग त्यांचं "बरं आहे" काही कमी नाही. मला हवं होतं त्यापेक्षा लहान आहे, पण मनापासून आलेलं आहे.

उद्या ९० अंश तपासायचे. गुण्या दाताला न टेकवता पात्याच्या सपाट अंगाला लावायचा. मग एक फळी आडवी कापून, एक तुकडा उलटा करून तोंडाला तोंड लावायचं. जेवढी फट दिसेल त्याच्या निम्मी खरी चूक. पुश स्टिक, म्हणजे बोटं लांब ठेवून लाकूड ढकलायची काठी, मात्र अण्णांकडूनच करून घेणार. त्यांच्यासारखी मूठ मला जमत नाही. प्लायवुडची चालेल, टोकाला खाच हवी, आणि लांबी जरा जास्तच ठेवा म्हणून सांगेन.